दिवसाढवळ्या लावलेलं दार

आमच्या सोयगावकडं घरात माणूस असताना दिवसा दार लावत नाय कुणी. लावलं म्हंजे घरातलं बाहेर चाललंय, हे शेंबडं पोरगंबी सांगेल. संभाजीनगरच्या नीरजाताईला एवढं ठाऊक नव्हतं, आन् तिनं कुणाला विचारलंबी नाय.

घरात मार खाणाऱ्या बायांचा अभ्यास करायला आली होती ती. पोरगी वाईट नव्हती. नाव बदलून लिहीन म्हणायची, नको वाटलं तर बोलू नका म्हणायची. आमच्या शेजारच्या तनुजाचा विश्वास बसला तिच्यावर. तोवर पाठीवरचे वळ तिनं माझ्याशिवाय कुणाला दाखवले नव्हते. दिवाळी झाली की लेकीला घेऊन हर्सूलला बहिणीकडं कायमचं निघायचं, हेबी मला एकटीलाच ठाऊक होतं.

एक दिवस तनुजाची सासू मनकर्णाबाई दळणाला गेली. कुणी ऐकू नये म्हणून नीरजाताईनं तनुजाच्या घराचं दार आतून लावून घेतलं. मी शेतातून येते तर काय, चार बाया ओट्यावर उभ्या, दाराकडं डोळे लावून. दार वाजवायला धावले, तर डोक्यावर डबा घेऊन मनकर्णाबाई दारात हजर.

त्या रात्री काय बोललीस, हे तनुजाच्या नवऱ्यानं, शिवराजनं, विचारलंच नाय. दार कशाला लावलंस, एवढंच विचारायचा आन् मारायचा. मी आडवी गेले तर मला ढकलून दिलं मेल्यानं. दुसऱ्या दिवशी तनुजाचा मोबाइल काढून घेतला आन् लेकीला दौलताबादला नणंदेकडं धाडून दिलं. आता पोरीला टाकून ती कुठं जाणार?

परवा नीरजाताई परत आली. नाव, गाव सगळं बदललंय, तनुजाताईला कुणी ओळखणार नाय, असं मला समाधानानं सांगत होती. माझ्या मस्तकात तिडीक गेली. हाताला धरून तिला शेजारच्या दारापुढं नेलं. बाहेरून नवी कडी, कडीला कुलूप.

घरी कुणी नाही का, तिनं विचारलं.

"हाय की," मी म्हटलं. "तनुजा हाय."

तिचा चेहरा उतरला. दाराशी जाऊन तिनं हळूच हाक मारली.

आतून तनुजा म्हणाली, "ताई, जा तुम्ही. तुम्हाला दारात कुणी बघितलं तर पोरगी मला दिवाळीलाबी भेटायची नाय."

नीरजाताईला रडू फुटलं. मी तिला तिथं रडूबी दिलं नाय. सगळी गल्ली बघत होती.