एका हाताचं टेबल

सुताराचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याच्या धाकट्या बहिणीची लढाई मात्र बोटभर उंचीच्या सैनिकांची. दर रविवारी एका हॉलमध्ये ती टेबलावर डोंगर, नदी, किल्ले मांडून फौजा लढवायची आणि भल्याभल्यांना धूळ चारायची. नवऱ्याने तिचं बाकी सगळं जाणंयेणं तोडलं होतं. हा बाहुल्यांचा खेळ तेवढा तो चालवून घेई.

पहिलं टेबल सुतारानेच केलेलं. जाड प्लायचं, मधोमध मिटणारं. वर हत्ती नाचला तरी कुरकुरणार नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. एकदा तिने नवऱ्याला त्याच्या मित्रांदेखत हरवलं. मित्र गेल्यावर नवऱ्याने तिचा हात त्याच टेबलावर दाबून धरला आणि दुसरी फळी वरून आदळली. दोन बोटं मोडली.

ती हाताला प्लास्टर घालून भावाच्या दुकानात आली. सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातोडा उचलून तो निघाला, तर ही दारात आडवी.

"तू त्याला मारलंस तर तू आत जाशील, दादा, आणि मी तिथेच राहीन. मला दुसरं टेबल करून दे. हलकं. एका हाताने उचललं पाहिजे."

तो म्हणाला, प्लास्टर निघालं की दोन्ही हात चालतील की.

"दुसऱ्या हातात चिमी असेल."

चिमी म्हणजे तिची तीन वर्षांची पोर. रविवारी टेबल घेऊन निघालेल्या बायकोला नवरा अडवत नसे, पोरीला मात्र सोबत नेऊ देत नसे. बॅग दिसली असती तर त्याने तिला उंबरा ओलांडू दिला नसता.

सुतार कामाला लागला. देवदाराच्या बारीक पट्ट्यांची चौकट, वर पातळ प्लाय, खाली ताणलेलं कापड, ॲल्युमिनियमच्या नळीचे पाय. मिटलं की आत पोकळी, सैनिक ठेवायला. मापं मात्र त्याने चिमीच्या कपड्यांची धरली होती. काट्यावर सहा किलो भरलं. मन घट्ट करून त्याने मधली पट्टी काढली, पितळी मूठ काढून कापडी पट्टा लावला. पाचाच्या आत आलं. कोपर टेकलं तरी मोडेल असलं काम आपल्या हातून व्हावं, याची त्याला लाज वाटली.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या रविवारी खाली टॅक्सी थांबवून तो तिला न्यायला गेला. मेहुणा आंघोळीला होता. बहिणीने एका हातात टेबल घेतलं, चिमीला कडेवर घेतलं आणि उंबरा ओलांडला. तेवढ्यात चिमीने लाडात येऊन बाबांना टाटा केला, तोही खणखणीत आवाजात.

मेहुणा ओल्या अंगाने धावत आला. सुताराने आतून दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि हात मागे नेऊन दोन्ही हातांनी कडी धरली. एका हातानेही कडी धरता आली असती, पण मोकळा हात आवरेल याची त्याला खात्री नव्हती.

पहिला ठोसा नाकावर बसला. दुसऱ्याने ओठ फाटला. मेहुणा त्याच्यापुढे काडीपैलवान, एका फटक्यात लोळला असता. सुतार दातओठ खात उभा राहिला. मेहुण्याने स्टूल उचललं आणि बरगड्यांवर घातलं. काहीतरी आत कडकन मोडलं. मग गुडघ्यावर, मग पुन्हा तिथेच. डोळ्यांत रक्त उतरलं तेव्हा सुताराने डोळे मिटून घेतले आणि कान जिन्याकडे लावले.

जुनं टेबल पायरीपायरीला आदळत उतरायचं. आज नुसती पावलं वाजत होती, भरभर, कुठेही न थांबता. चौथा मजला, तिसरा, दुसरा. खाली टॅक्सीचं दार लागलं.

"सोड," मेहुणा धापा टाकत म्हणाला आणि त्याने स्टूल पुन्हा उगारलं.

टॅक्सीला वळणापर्यंत जायला थोडा वेळ लागणार होता. सुताराने कडी आणखी घट्ट धरली.