नर्मदेचं पाणी प्यालेली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. मित्रांनो, जवळ या, पण फार जवळ नको. माझ्या अंगावर आम्ल ओघळलेलं आहे, कपड्यांना भोकं पडतील. मोठ्याने बोलायला आता माझ्यात दम राहिलेला नाही. मध्य प्रदेशात, बालाघाटच्या एका भंगारवाल्याकडे, फुटक्या कूलरला टेकून मी बसले आहे. वय विचाराल तर साडेतीन वर्षं. हसू नका. आमच्यात नीट निगा राखली तर सहा-सात वर्षं सहज निघतात. मला लवकरच म्हातारपण आलं, आणि ते कसं आलं तेवढं सांगून मी गप्प बसणार आहे.

जन्माचं फारसं आठवत नाही. शिशाच्या पट्ट्या पेटीत बसवल्या, आम्ल ओतलं, वर सहा झाकणं लावली, झाला आमचा जन्म. बारसं नाही की पाळणा नाही. मग ट्रक, मग गोदाम, आणि शेवटी प्रेमलालचं दुकान. तिथे मी धूळ खात पडले होते, तेव्हा अंजू आली.

अंजू ही भोजराजांची सून. भोजराजांनी जन्मभर लालबर्ऱ्याला एका राइस मिलमध्ये धान भरडला आणि जन्मभर बिड्या ओढल्या. म्हातारपणी छातीने साथ सोडली. डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं आणि बजावलं, की हे बंद पडून चालायचं नाही. पण आमच्याकडे वैशाख-जेठात वादळ सुटलं की कुठे ना कुठे झाड तारांवर पडतं आणि वीज तीन-तीन तास येत नाही. मुलगा प्रीतम बैहरला नोकरीला, रविवारी तेवढा घरी. म्हणून निवड करायला अंजूच आली होती.

तिने आधी जनरेटर पाहिला. त्याचा धूर पाहूनच नको म्हणाली; ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या दारात धूर कशाला? सोलरचं विचारलं, तर तिच्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, आणि कवेलूंवर माकडं. राहिले मी आणि इन्व्हर्टर. अंजू मोठी हुशार. मशीनवर किती वॅट लिहिलंय ते तिने हातावर पेनाने उतरवून आणलं होतं. प्रेमलालने ते पाहून सांगितलं, की मशीन आणि एक बल्ब एवढंच चालवाल तर ही चार तास साथ देईल. वर एक ऑक्सिजनचा सिलिंडर भरून ठेवा, असंही तो म्हणाला. आणि दर तीन महिन्यांनी झाकणं उघडून फक्त डिस्टिल वॉटर टाका, दुसरं काही नाही. सिलिंडर पुढच्या महिन्यात आणू, असं ठरलं. तो पुढचा महिना तीन वर्षं आलाच नाही.

माझे सुरुवातीचे दिवस फार मानाचे गेले. भोजराजांच्या खोलीत कोपऱ्यात मला जागा मिळाली. वीज गेली की मशीन क्षणभर थांबायचं, मग माझ्या जोरावर पुन्हा घुरघुरायला लागायचं. भोजराजांची बायको अनुसया तेवढा क्षण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहायची. मशीन सुरू झालं की माझ्याकडे वळून हात जोडायची. मला कुणी हात जोडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दसऱ्याला तिने मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. इन्व्हर्टर शेजारीच होता, पण त्याला फूल नाही. मी जरा फुगलेच होते, कबूल करते.

पहिल्या पावसाळ्यानंतर अंजू माहेरी लग्नाला गेली. माझं पाणी उतरलं होतं आणि डिस्टिल वॉटरची बाटली रिकामी होती. अनुसयेने ती उलटी करून पाहिली. मग देवघरातून एक तांब्याचा बंद लोटा आणला. त्यात अमरकंटकहून आणलेलं नर्मदेचं पाणी होतं. बारा वर्षं झाली, त्याला वास नाही की किडा नाही. याहून शुद्ध पाणी कुठलं? तिने सहाही झाकणं उघडली आणि पळीने मला ते पाजलं. पाजताना ती पुटपुटत होती, पण मला ऐकू आलं नाही.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की माय, पाणी पवित्र असलं तरी त्यात क्षार आहेत, ते माझ्या पट्ट्या खातील. पण बॅटरीला तोंडं सहा आणि वाचा एकही नाही. पुढे तर गंमतच झाली. या घरात रीत अशी, की नर्मदेचं पाणी लोट्यात थोडं उरलं की त्यात साधं पाणी मिसळायचं, मग ते सगळंच नर्मदेचं. त्या रीतीने लोटा कधी संपलाच नाही. वर्षभरातच मी नुसतं हँडपंपाचं पाणी पीत होते. तेव्हापासून मला पाणी पाजायचं काम अनुसयेनेच घेतलं होतं. अंजूला वाटायचं सासू दुकानातून बाटली मागवूनच टाकते, कारण झाकणातला पाण्याची पातळी दाखवणारा लाल खुंट नेहमी वर असायचा. माझ्या आत पट्ट्यांवर पांढरा थर चढत होता, तो बाहेरून कुणाला दिसणार? शेवटच्या वर्षात वीज गेली तरी अर्ध्या तासात परत यायची, म्हणून माझी कमजोरीही उघडी पडली नाही.

मग गेल्या जेठात, भर दुपारी, वादळ आलं. कवेलू उडाले, वीज गेली. मी मशीन उचललं. चार तासांच्या भरवशावर अंजू परसातले कपडे गोळा करत होती. चाळीस मिनिटांत माझा जीव संपला आणि इन्व्हर्टर टीं टीं करू लागला.

अंजू धावत आली. तिने माझं झाकण उघडलं, आतला गढूळ रंग पाहिला आणि सासूकडे वळली.

"आई, याच्यात कोनतं पानी टाकलं?"

"नर्मदामाईचं," अनुसया म्हणाली. "चांगलंच तं टाकलं ना वं."

मशीन थांबलं. भोजराजांचे ओठ निळे पडू लागले. दवाखान्याच्या रस्त्यावर झाड आडवं झालं होतं. तेव्हा अंजू शेजारच्या खेमराजकडे पळाली. तो बैहर लाइनवर प्रवासी जीप चालवतो. त्याने जीप उलटी घेत खिडकीशी लावली, इंजिन चालू ठेवलं, इन्व्हर्टरच्या तारा माझ्यावरून उपटल्या आणि जीपच्या चिखलाने माखलेल्या बॅटरीला जोडल्या. मशीन घुरघुरलं. धूर आत येऊ नये म्हणून अंजूने खिडकीच्या फटीत ओल्या चादरी कोंबल्या. अडीच तास ती जीप जागेवर धडधडत राहिली. मी बाजूला पडून ऐकत होते. माणूस वाचला याचा आनंद होता आणि आपण वाचवला नाही याची लाज होती.

वीज आली तेव्हा अनुसया भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने नवऱ्याला सगळं स्वतःच सांगितलं, काही लपवलं नाही. भोजराजांनी नाकातली नळी नीट केली. मग हळूच म्हणाले, "ते पानी तं माह्यासाठी ठेवलतं ना तू. अखेरच्या वेळेले तोंडात टाकाले."

"हौ," अनुसया म्हणाली. "ते टाकाची पाळी येऊ नये, म्हनून तिले पाजलं."

दुसऱ्या दिवशी अंजूने सिलिंडर आणला, नवी बॅटरी आणली, आणि डिस्टिल वॉटरच्या चार बाटल्या देवघरात लोट्याशेजारी ठेवल्या. सासूला ती एक शब्दही वावगा बोलली नाही. मला इकडे पाठवलं, ते बरोबरच केलं.

मित्रांनो, मी फार थकले आहे. उद्या-परवा मला फोडून माझं शिसं वितळवतील. एवढंच ऐका. ज्याच्यावर घरातल्या कुणाचा श्वास टेकलेला आहे, त्याला काय लागतं ते जाणत्याला विचारून घ्या, आणि एकाच्याच भरवशावर राहू नका. माझा अनुसयेवर राग नाही. तिने मला जीव लावला होता. तिला नीट समजावून सांगायला कुणी पाच मिनिटं काढली असती, तर मी अजून त्या कोपऱ्यात भोजराजांच्या उशाशी असते.