हौसाची उरलेली पाटी

हौसाचं बोलणं कॅमेऱ्यात गेलं ते सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. कोल्हापुरातल्या सिनेमा कंपनीत एका जुन्या, नावाजलेल्या अमेरिकन कादंबरीवरून मूकपट तयार होत होता. हौसा त्यातली मडम. झगा अंगाला टोचत होता आणि रडू काही केल्या येईना.

"अहो, ऐकू कुणाला येणार आहे?" दिग्दर्शक दाजी मास्तर म्हणाले. "काहीही बोला. ओठ हलले म्हणजे झालं."

झालं! हौसाला आठवली तिची सहा वर्षांची शेवंता. "शेवंता, माझी बाय, ये गं माझ्याकडं," असं काळजातलं सगळं ती बोलून बसली आणि ढसाढसा रडली. मास्तर खूश. कॅमेऱ्याचं हँडल थांबलं तेव्हा हौसाच्या तोंडात स्वतःचा एक शब्द उरला नव्हता. उरली ती मडमेची तीन वाक्यं, चित्रात मध्ये मध्ये पाटीवर लिहून दाखवतात ना, ती.

घरी शेवंतानं विचारलं, "आये, भाकरी देतीस?"

"परमेश्वर सारे पाहतो आहे," हौसा म्हणाली. पोर खुदकन हसली. चार दिवसांनी हसायची थांबली.

चित्र लांबलं, तसे मास्तर कात्री घेऊन बसले. एक पाटी कापली, परमेश्वर गेला. दुसरी कापली, "मला क्षमा करा" गेलं. हौसानं त्यांचे पाय धरले आणि ओरडली, "हे मूल माझे नाही!"

"ती ठेवतोय हो," मास्तर म्हणाले. "सगळ्या कादंबरीचा जीव त्या पाटीत आहे. उगाच काळजी करता."

पहिला खेळ दुपारचा. थिएटर खच्चून भरलेलं. अडाण्यांसाठी पाट्या मोठ्यानं वाचणारा माणूस काठी घेऊन उभा. शेवंता आईला चिकटून बसली होती. पडद्यावर मडम रडायला लागली, ओठ हलले. आईचे ओठ पोरीला नाही कळणार तर कुणाला!

"आये, तू मला बोलावतीयास!" म्हणत ती पडद्याकडं पळत सुटली. लोक हसले. दारवानानं तिचा दंड पकडला.

"कुणाची पोर ही? घेऊन जा, नाहीतर बाहेर काढतो."

हौसा उठली. गप्प राहावं, हे तिला कळत होतं. पण आईच ती, राहवेल कसं? तिनं हाक मारली.

"हे मूल माझे नाही."

दारवानानं हात सोडला. शेवंतानं एकदा वळून आईकडं पाहिलं. पडद्यावरची बाई अजून बोलावतच होती. पोरीनं पडद्याची खालची कड उचलली आणि आत गेली.

मडमेनं तिला कडेवर घेतलं.

"हे दृश्य आपण कधी घेतलं?" पुढच्या रांगेतले मास्तर पुटपुटले.

माणसं तुडवत हौसा पडद्याशी पोचली, नखांनी कापड ओरबाडू लागली. तोवर मडम पाठ फिरवून निघालीही होती. तिच्या खांद्यावरून शेवंता हौसाकडं बघत काहीतरी म्हणाली. नुसते ओठ हलले.

मग पाटी आली आणि काठीवाल्यानं ती खणखणीत आवाजात वाचली.

"ही बाई माझी आई नाही."