उसाकडं तोंड करून

प्रयागबाईंनी टीव्हीवर टाकलेली चादर ओढली, तिची घडी घातली आणि कोपऱ्यातल्या गाद्यांवर ठेवली.

"आगं, परवा दहावा," बयाबाई म्हणाल्या. "सुतकात टीव्ही लावतीस व्हय?"

"लावते."

"लोकं काय म्हणतील?"

"वन्सं, लोकं म्हंजी तुमीच. म्हणा काय ते." प्रयागबाई उशी उचलून रिमोट शोधू लागल्या.

भिंतीला टेकून बसलेल्या बायकांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. सोपानराव गेल्यापासून महाळुंग्यातल्या या घरात शेजारणी रोज संध्याकाळी बसायला येत, आणि साडेसातच्या मालिकेची वेळ झाली की एकेकीला घरचं काम आठवे. आज कुणी उठत नव्हती. आजच्या भागात यामिनीचे वडील जाणार, असं आठवडाभर जाहिरातीत दाखवत होते. आणि टीव्हीवरची यामिनी, म्हणजे या घरातली अक्षदा, तर इथंच उंबऱ्यापाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, आज नको," ती म्हणाली.

"का?"

अक्षदा पायाच्या अंगठ्यानं फरशीचा सांधा कोरत राहिली.

तो प्रसंग मुंबईत चित्रित झाला तेव्हा आण्णा, तिचे वडील, धडधाकट होते. एरवी डोळ्यांत ग्लिसरीन घालून भागायचं, पण त्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "घरचं कुणीतरी आठव." तिनं त्या खाटेवर आण्णांना निजवलं. त्यांचा राखाडी मफलर, बटाट्याच्या मातीनं काळी झालेली नखं, सगळं जिथल्या तिथं. मग अशी रडली, की दिवे धरणारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. महिना सरायच्या आत घरून फोन आला. गावी पोचली ती कोरड्या डोळ्यांनी, आणि अजून एक थेंब नव्हता. आण्णांना उचललं तेव्हा बायका त्यांच्याकडे कमी आणि हिच्याकडेच जास्त बघत होत्या.

"परक्या बापासाठी बघ आता कशी धाय मोकलती," बयाबाई पडद्याकडे हनुवटी करून म्हणाल्या. "हितं न्हाई. तिकडंच संपलं जणू सगळं पाणी."

"आक्का, असूंद्या की," शेजारची अंजना कुजबुजली.

"का असूंद्या? भाची हाय माझी, बोलणार मी. सोपानला बी आवडायचं न्हाई हिचं ते. ही रडाया लागली की उठायचा आन् भाईर जायचा. इचार तुझ्या आईला."

हे अक्षदाच्या कानावर पूर्वीही आलं होतं. आण्णा फोनवर जेवलीस का विचारायचे, बटाट्याचा भाव सांगायचे. मालिकेचं नाव कधी काढायचे नाहीत. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"खरंय का, आई?"

"जायचे," प्रयागबाई म्हणाल्या. "त्या अंगणाच्या कडंला, उसाकडं तोंड करून उभं राह्यचे. तुझं रडणं सरलं की मी तांब्यावर फुलपात्र वाजवायचे. मग आत यायचे."

"आगं, ते तर बिबट्या यिऊ नये म्हणून वाजवायचीस!" बयाबाई म्हणाल्या. "आख्ख्या आळीला ठावं हाय."

"असंल," प्रयागबाई म्हणाल्या आणि त्यांनी आवाज वाढवला.

जाहिराती चालू होत्या. अक्षदाचा अंगठा फरशीवर थांबला होता.

मंचरच्या कॉलेजचं मैदान. बास्केटबॉलच्या सामन्यात तिला फ्री थ्रो मिळाला की सगळीकडे चिडीचूप व्हायचं. रेषेवर ती एकटी, हातात चेंडू, वर लोखंडी कडं. आणि कुंपणापाशी, बाजारात माल उतरवून तसेच आलेले आण्णा. टोपी हातात, मैदानाकडे पाठ. मैत्रिणी हसायच्या. एकदा ती चिडून म्हणाली होती, "सगळं मैदान बघतं, आण्णा, आणि तुमी एकटेच पाठ करता!"

"बापाची नजर लई जड असती, बाय. तुझा नेम चुकला म्हंजी?"

"मग तुमाला कळतं कसं?"

"टाळ्या वाजल्या की वळतो की."

त्याच खेळापायी तिला पहिलं काम मिळालं होतं. एका मालिकेला चेंडू खरोखर खेळवणारी मुलगी हवी होती. पुढं चेंडू मागं राहिला; पडद्यावरची साडी आली, सासर आलं, रडणं आलं.

शीर्षकगीताची धून वाजू लागली तशी ती उठली आणि चपला न घालताच बाहेर पडली.

"कुठं चाललीस अंधाराची?" अंजना म्हणाली. "बिबट्या हिंडतोय, बाई! निरगुडसरला कालवड नेली परवा."

दारावरचा दिवा जळत होता. बिबट्याच्या धाकानं आळीत सगळ्यांचेच दिवे रात्रभर जळत. अंगणाच्या कडेला, जिथं फरशी संपून माती लागायची, तिथं ती घराकडे पाठ करून उभी राहिली. समोर ऊस होता, काळा आणि उंच. मागून तिचाच आवाज आला, "बाबा... बाबा, बघा ना माझ्याकडे!" मग ते रडणं. इथून ऐकताना ते कुणा दुसऱ्याच मुलीचं वाटत होतं, आणि तिला वळून बघावंसं वाटेना. घरातल्या बायका नाकं ओढू लागल्या. बयाबाईंचा हुंदका सगळ्यांत मोठा होता.

रडणं थांबलं. जाहिरात लागली.

आत तांब्यावर फुलपात्र वाजलं. एकदाच.

अक्षदा वळली नाही.

प्रयागबाई तांब्या-फुलपात्र घेऊन दारात आल्या. दिव्याच्या उजेडात पोरीची पाठ दिसत होती, आणि हुंदक्यांनी हलणारे खांदे. त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी भिंतीकडे हात नेला आणि दारावरचा दिवा बंद केला.

"आगं, दिवा का घालवलास?" आतून बयाबाई ओरडल्या. "पोरगी भाईर हाय!"

प्रयागबाई अंधारात उंबऱ्यावर बसल्या. तांब्या मांडीत धरला, लेकीकडे पाठ केली आणि फुलपात्र वाजवायला सुरुवात केली. जोरजोरात, न थांबता, बाहेरचं काही आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं.