मार्गीबायची सावड

सुंदराने खोलीला चुना दिला, नवी गादी भरून घेतली आणि किन्हवलीच्या बाजारात भेटेल त्याला सांगून ठेवलं, की आमचा मितेश आता कायमचा घरी येतोय. भात झोडून झालं तसं तिने नवऱ्याला, जयरामला, कॅनडाला धाडलं होतं, ते पोराला घेऊन यायलाच. स्वतः मात्र गेली नाही. म्हशीचं कोण बघणार, हे लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे विमानात बसायची तिला भीती वाटायची.

माघ सरता सरता जयराम परतला. सोबत दोन बॅगा होत्या, डोक्यावर लोकरीची टोपी होती. मितेश नव्हता.

सुंदराने पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. भांडी मात्र आदळून बोलत होती. बायकोच्या भांडणाला जयराम कधी घाबरला नव्हता. तिच्या गप्प बसण्याने मात्र तो अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेतावर गेली. रोपांची जागा भाजायला शेण, पाला, गवत असा राब पसरून तयार होता. शेजारच्या जनीने आणि तिच्या घरच्यांनी जयराम नसताना ते काम उरकलं होतं. आता सुंदरा त्यांच्या शेतावर जाणार. सावड म्हणतात ती हीच. तिच्यात मजुरी नाही आणि उपकारही नाहीत, अंगावर चढलेला दिवस तेवढा फेडायचा.

पसरलेल्या राबाकडे बघत जयराम हळूच म्हणाला, "तो यायला तयार होता गो. मीच नको बोललो."

सुंदरा गर्रकन वळली. "तुमी? मी तुमाला कशाला धाडलं होतं? तो देश चांगला असंल, मी कुठं नाय बोलते? पण माझ्या पोरानं हाक मारली तर ओ द्यायला तिथं कोण हाय?"

हाच प्रश्न तिने तो कॅनडाला निघतानाही विचारला होता. जयराम बांधावर बसला.

"आधी ऐकून घे. नळाला गरम पाणी, रस्ते असे का पोटातलं पाणी हलत नाय, हॉर्न कुणी वाजवत नाय. पण भर दुपारी रस्त्यावर माणूस दिसंल तर शपथ. मला वाटलं, सुंदरा बोलते तेच खरं, पोराला घेऊन जावं. मग एक दिवस बर्फ पडला. दारातला बर्फ ज्याचा त्यानं काढायचा असतो. मी आपला काढला, आन् हात थांबंना म्हणून शेजारणीचा पण काढला. म्हातारी, एकटी. मार्गारेट नाव तिचं. मी मार्गीबाय बोलायचो."

"मग?"

"ती डबाभर बिस्किटं घेऊन आली. मी घेतली नायत. मितेशला बोललो, तिला सांग, बिस्किटं नकोत, आमचा एक दिवस तुज्यावर चढला. पोरगा लाजून लाल. बोलतो, बाबा, हितं असं बोलत नायत. पण मी उठूच दिला नाय त्याला. सांगितलं त्यानं शेवटी. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली, मग मान डोलावून गेली."

सुंदराला हसू आलं, पण तिने ते पदरात दाबलं. परदेशात जाऊन शेजारणीच्या डोक्यावर सावड घालून येणारा माणूस आपल्याच नशिबी यावा.

जयरामने डोक्यावरची टोपी काढली. "पुढचं फोनवर सांगितलं नाय तुला. मितेशच्या पोटात कळ आली. आंतड्याला सूज. लोळत होता जमिनीवर. मला ना त्यांची भाषा, ना गाडी चालवता येत. धावत गेलो आन् मार्गीबायचं दार बडवलं."

सुंदरा बांधावर त्याच्या शेजारी येऊन बसली.

"ती घरातल्या चपलांवरच बाहेर आली गो, त्या बर्फात. फोन करून गाडी बोलावली. दवाखान्यात मितेशचं सरकारी इलाजाचं कार्ड बघितलं आन् लगेच आत घेतला, ऑपरेशन झालं. मला आपल्या गावातला देवराम आठवला. साप चावला तवा डोलीत घालून पाड्यावरून रस्त्यापर्यंत आणला होता, तिथंच अर्धा जीव गेला त्याचा. मार्गीबाय दिवसभर माझ्या बाजूला बसली. बिनसाखरेचा चहा पाजला. एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, पण उठली नाय. सांजच्याला जाताना तिनं एक बोट वर केलं. दिवस फिटला. मी मान डोलावली."

सुंदराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. पोराचं दुखणं लपवलं म्हणून नवऱ्यावर चिडावं, की पोरगा वाचला म्हणून त्या न पाहिलेल्या बाईच्या पाया पडावं, तिला कळेना.

"बरा हाय ना आता?"

"ठणठणीत. कामावर जातो. कामही मनासारखं हाय त्याच्या. म्हणून नको बोललो. ओ द्यायला माणूस हाय त्याला."

सुंदराने नाक पुसलं. "आन् दवाखान्यातनं घरी आणल्यावर? ती आली?"

"तवा पण यायची. रोज सूप घेऊन. मी निघेपर्यंत येत होती."

"म्हणजे तिच्यावरचा दिवस दवाखान्यातच फिटला," सुंदरा म्हणाली. "नंतरचे आपल्यावर चढले."

जयरामने हा हिशेब केलाच नव्हता. तो हातातली टोपी मांडीवर ठेवून बोटांवर दिवस मोजू लागला.

सुंदरा उठली. लुगडं झटकलं, पलीकडच्या शेतात काम करणाऱ्या जनीला हाक मारली.

"जने, आमची म्हस थोडे दिवस तुज्याकडं बांधली तर चालंल का गो?"

"बांध की. कुठं चाललीस?"

"सावडीला."

"कुणाच्या?"

सुंदराने एकदा विमानं जातात त्या आभाळाकडे बघितलं आणि पदर कमरेला खोचला.

"मार्गीबायच्या," ती म्हणाली.