वाऱ्याकडे पाय

मी एक जुना तंबू आहे. मित्रांनो, तंबू म्हटलं की तुमच्यापुढे सर्कशीचा तंबू उभा राहत असेल. तसा मी मुळीच नाही. माझ्यात एकच माणूस मावतो, आणि त्यानं कूस बदलली की आमची दोघांची अंगं एकमेकांना लागतात. माझं वजन सव्वा किलो. घडी घातली की मी दुधाच्या किटलीएवढा होतो. लोक हसतात, पण ज्याला एकट्यानं डोंगर चढायचा आहे त्याच्या पाठीला सर्कस परवडत नाही.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथं माझं पातळ कापड कापलं, शिवलं आणि पाणी शिरू नये म्हणून शिवणींवर आतून पट्टी चिकटवली. मला दोन कमानी दिल्या. डोक्याकडची मोठी, पायाकडची बुटकी. उसाला पेरं असतात तशा त्यांना कांड्या आहेत. एकीत एक सरकवली की कमान तयार होते. शेवटी एका बाईनं मला दिव्यासमोर धरून पाहिलं, एकही छिद्र दिसलं नाही म्हणून मान डोलावली आणि शिक्का मारला. पुढचे आठ महिने मी तेवढ्या एका कौतुकावर काढले.

ते आठ महिने मी साताऱ्याच्या एका दुकानातल्या फळीवर पडून होतो. दुकान फारूकभाईंचं. पूर्वी तिथं ताडपत्र्या आणि दोरखंड मिळायचे. त्यांची मुलगी अर्शिया गल्ल्यावर बसू लागली तसं डोंगर चढणाऱ्यांचं सामान आलं. गिऱ्हाईकं मला उचलायची, "किती हलका" म्हणायची आणि दुसराच तंबू घेऊन जायची. माझी खोड माझी लांबी होती. मी आतून सव्वासात फूट आहे. साडेपाच फुटांच्या माणसाला एवढी लांबी म्हणजे नुसतं ओझं.

एका सकाळी दुकानाच्या दारात मान वाकवून एक गृहस्थ आत आले. साठीचे, ताठ, मिशा पांढऱ्या. हे सुभेदार नाथाजी, राहणार कुंडल, फौजेतून निवृत्त.

"एकट्यापुरता तंबू दाखवा. हलका पायजे," ते म्हणाले.

"उंची किती, आजोबा?" अर्शियानं विचारलं.

"सहा फूट दोन इंच."

अर्शियानं मागच्या खोलीत तीन तंबू उभे केले आणि त्यांना बूट काढून एकेकात झोपायला लावलं. पहिल्यात त्यांच्या पायाची बोटं कापडाला टेकली.

"थोडं लागत्यात, चालतंय की," सुभेदार म्हणाले.

"नाही चालत. श्वासाची वाफ कापडाला आतनं धरते. पाय लागला की मोजे ओले, मोज्यानं पांघरूण ओलं. उभ्याची उंची मोजून तंबू घेऊ नका, आडवं होऊन बघा."

दुसरा पुरेसा लांब होता, पण उंचही होता. बसायला ऐसपैस, तरी पठारावरचं वारं असल्या उंच तंबूला सुखानं उभं राहू देत नाही, असं तिनं सांगितलं. मग सुभेदार माझ्यात शिरले. डोक्याच्या वर अर्धा फूट जागा उरली, पायाच्या खाली अर्धा फूट. त्यांनी पाय ताणून पाहिले, पुन्हा ताणून पाहिले.

"अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली," शेवटी ते माझ्या छताकडे बघत म्हणाले. "एका खाटंवर कवा पाय मावलं न्हाईत."

मला तर तिथंच घडी होऊन त्यांच्या पिशवीत जावंसं वाटलं. निघताना अर्शियानं माझी बुटकी बाजू दाखवली. "ही पायाची बाजू. वारं जिकडनं येईल तिकडं हीच करायची, म्हणजे वारं वरनं घसरून जातं. दाराची बाजू वाऱ्याला दिली की तंबू पोत्यासारखा फुगतो. एवढं एक विसरू नका."

कुंडलच्या घरात मात्र माझं स्वागत झालं नाही. आदल्याच वर्षी सुभेदारांच्या छातीत दुखलं होतं आणि मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाच्या नळीत दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पठारावर एकटं जाऊन झोपायला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून घरात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचे. त्यांनी पाण्याची बादली उचलली की कोणीतरी धावत येऊन ती हातातून काढून घ्यायचं. एवढा उंच माणूस रिकाम्या हातानं सोप्यात उभा राहायचा. डोंगरावर त्यांच्या हातातली बादली घेणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांना डोंगर हवा होता.

पुण्याहून मुलगा जयराज आला, त्यानं बरीच हुज्जत घातली आणि एक अट घातली. रोज संध्याकाळी सहाला घरी फोन. एक फोन चुकला की फिरणं बंद. सुभेदारांच्या पत्नी मनुबाई इतका वेळ निवडलेल्या घेवड्याच्या शेंगा पुन्हा निवडत होत्या. त्यांनीही एकच अट घातली.

"कुटं बी झोपा. दक्षिणंला पाय करू नगा."

दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय करून झोपू नये, हे इकडच्या घराघरांत पाळतात. पण मनुबाईंचं कारण निराळं होतं. त्यांचा धाकटा भाऊ हंबीरराव हाही फौजेत होता. रजा संपत आली तेव्हा एका दुपारी तो दमून सोप्यात आडवा झाला. उकडत होतं, म्हणून झुळूक लागेल अशा बेतानं, दक्षिणेला पाय करून. मनुबाईंनी पाहिलं, पण कशाला उठवायचं म्हणून त्या गप्प राहिल्या. महिन्याभरात सरहद्दीवर त्याची गाडी दरीत गेली. त्या दुपारी आपण त्याला उठवायला हवं होतं, हे बावीस वर्षं त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

सुभेदारांनी शब्द दिला. फौजी माणसाचा शब्द होता तो.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या सुखाची. पाटणच्या वर पवनचक्क्यांचं मोठं पठार आहे. तिथं कातळ इतका कठीण की मेखा शिरत नाहीत, म्हणून माझ्या दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. दहा दोऱ्या, दहा दगड. वारं पश्चिमेकडून यायचं. सुभेदार माझी बुटकी बाजू पश्चिमेला करायचे, स्वतःचं डोकं पूर्वेला. वाऱ्याचंही मन राखलं जायचं आणि मनुबाईंचंही. संध्याकाळी सहाला फोन लागायचा. मनुबाई तब्येत विचारायच्या नाहीत, जेवण विचारायच्या नाहीत.

"पाय कुणीकडं हायत?"

"पश्चिमंला."

"बरं."

एवढंच. दोघंही खूश. मी तर दोन वर्षांत एकदाही फुगलो नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही पुन्हा त्याच पठारावर गेलो. दुपारी चारला सुभेदारांनी मला नेहमीसारखं पश्चिमेला पाय करून उभं केलं. जवळच राहीबाई म्हशी चारत होत्या. त्या पठारावरच्याच वाडीतल्या, सुभेदारांच्या ओळखीच्या. दोन वर्षांत त्यांनी आम्हाला कितीदा तरी ताक दिलं होतं. पाच वाजता वारं अचानक पडलं. मग सुभेदारांनी मान वर केली आणि मीही पाहिलं, की सगळ्या पवनचक्क्या हळूहळू तोंड फिरवताहेत. त्यांची तोंडं नेहमी वाऱ्याकडे असतात. आता ती दक्षिणेला वळली होती. तिकडून वळवाचा ढग चढत होता.

सुभेदारांना सगळं समजलं होतं. मला तसंच पश्चिमेला ठेवलं तर वारं कुशीवर येणार. बुटकी बाजू दक्षिणेला करायची, तर तिथं डोकं मावत नाही, म्हणजे त्यांचे पायही दक्षिणेला. त्यांनी दोऱ्या सोडल्या, मला फिरवलं, आणि माझं दार दक्षिणेला ठेवलं. बुटकी बाजू उत्तरेला. मी हबकलो. त्यांनी दहाच्या दहा दगड उचलून नव्या जागी ठेवले, प्रत्येक दगड छातीशी धरून, आणि आत शिरून दाराची चेन ओढली.

वारं आलं ते थेट दारावर. अर्शियानं सांगितलं होतं अगदी तसा मी फुगलो. मोठी कमान आत वाकली. सुभेदार गुडघ्यांवर बसून ती दोन्ही हातांनी रेटून धरू लागले. एक दोरी दगडासकट सरकली. दाराजवळ माझं कापड वीतभर फाटलं आणि पावसाचे थेंब त्यांच्या तोंडावर आले. मला भीती वाटत होती ती माझी नव्हे. त्यांचा श्वास मोठा झाला होता, आणि मग त्यांनी एक हात कमानीवरून काढून छातीवर ठेवला.

"आवं सुभेदार," बाहेरून राहीबाई ओरडल्या. "फिरवा की त्याला. उडून चाललाय."

"न्हाई फिरवता येत. शब्द दिलाय."

"कुनाला?"

"मंडळींना."

"मग त्यांला काय सांगू? शब्द पाळला आन गेलं?"

सुभेदारांनी खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. थोडा वेळ डोळे मिटून बसले. "मनू, माफ कर," ते म्हणाले. हे फक्त मी ऐकलं. मग त्यांनी दार उघडलं.

त्यांना एकही दगड उचलू न देता राहीबाईंनी दगड हलवले. सुभेदार मला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि कुठला दगड कुठं ते सांगत होते. माझी बुटकी बाजू दक्षिणेला आली तशी माझ्या अंगातली ओढच गेली. वारं पायाशी आलं, पाठीवरून घसरलं आणि निघून गेलं. राहीबाई म्हशींकडे पळाल्या. सुभेदार पाय लांब करून आडवे झाले आणि त्यांचा श्वास हळूहळू लहान होत गेला.

सहाला त्यांनी फोन लावला.

"पाय कुणीकडं हायत?"

खोटं बोलणं सोपं होतं. विचारणारं माणूस ऐंशी-नव्वद किलोमीटरवर होतं. सुभेदारांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"दक्षिणंला," ते म्हणाले.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. मनुबाईंनी सुभेदारांना पाणी दिलं, वाढलं, पण त्या विषयाचं नाव काढलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सुभेदारांनी मला ओलं तसंच गुंडाळलं आणि कपाटावर टाकलं. मित्रांनो, त्यांनी आजवर मला एकदाही ओलं गुंडाळलं नव्हतं. त्यावरून मी काय ते ओळखलं.

पावसाळाभर मी तिथं कुबट होत पडलो. सुट्टीला आलेला जयराज म्हणाला, "बाबा, तो तंबू कुणाला तरी देऊन टाका." सुभेदार "बघू" म्हणाले. एकदा वरून पाहिलं तर त्यांच्या हातातली बादली शेजारची पोरगी घेत होती आणि त्यांनी ती मुकाट्यानं देऊन टाकली. पूर्वी निदान ओढाताण व्हायची. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

घटस्थापनेच्या आधी इकडे घरातलं झाडून सगळं कापड धुऊन काढतात. मनुबाईंनी वाकळा काढल्या, चादरी काढल्या आणि त्यांच्याबरोबर मलाही खाली ओढलं. वास आल्यावर त्यांनी नाक मुरडलं. साध्या पाण्यात, हलक्या हातानं मला धुतलं आणि सावलीत दोरीवर टाकलं. मग त्यांना तो फाटका भाग दिसला. त्यात बोटं घालून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. ते भोक कुठल्या बाजूला आहे, वारं पायाकडून घेतलं असतं तर ते दाराजवळ पडलं असतं का, आपल्या नवऱ्यानं आधी शब्द पाळायला काय केलं असेल, हे सगळं त्यांना त्या भोकातून कळलं असावं.

दुपारी त्यांनी मोडक्या छत्रीचं कापड कापून मला ठिगळ लावलं. वाकळ शिवणारा हात तो, टाके मुंगीएवढे. वरून मेण चोळलं. मग त्यांनी मला अंगणात एकटीनं उभं केलं. कमानी आधी उलट्या घातल्या, पुन्हा काढल्या, कुणाला बोलावलं नाही. आणि आत शिरून त्या आडव्या झाल्या. त्यांच्या अंगणातल्या दिशा त्यांना पाठ आहेत. त्यांनी पाय दक्षिणेला केले. त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला होता.

सुभेदार मळ्यातून आले आणि फाटकातच थांबले.

"अगं, दक्षिण हाय ती."

"ठावं हाय."

ते येऊन माझ्या दाराशी जमिनीवर बसले.

"आवं," मनुबाई आतून म्हणाल्या, "हंबीर दमला हुता. गार वारं लागावं म्हणून झोपला. त्यात त्येचं काय चुकलं?"

"काय न्हाई."

"आन मी उठवला न्हाई, त्यात माजं?"

"तुजं बी काय न्हाई, मनू."

मनुबाई थोडा वेळ रडल्या. मग पदरानं तोंड पुसून बाहेर आल्या. "आता वारं यील तिकडं पाय करा," त्या म्हणाल्या. "दक्षिणंचं मी बघते."

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. कापडाचा रंग उडाला, कमानीची एक कांडी बदलली. तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ओला गुंडाळून ठेवू नका. कडक उन्हात फार वेळ वाळत घालू नका. फाटलं तर लगेच शिवा. वीतभर फाटलेलं शिवता येतं, हातभर फाटलेलं कठीण जातं. आणि त्याला उभा करताना आधी वाऱ्याकडे बघा.

आम्ही अजून त्या पठारावर जातो. राहीबाई अजून ताक देतात. संध्याकाळी सहाला फोन लागतो. मनुबाई अजूनही तब्येत विचारत नाहीत, जेवण विचारत नाहीत.

"वारं कुणीकडनं हाय?" त्या विचारतात.