स्वेटरवरून घेतलेलं माप

बंदुका बनवणाऱ्या मोरिता-सानचा फोन आला होता. रायफलचा लाकडी दस्ता कापायला घेतोय, एकदा माप पक्कं करून जा. नको असेल तर तसंही सांगा. नीलकंठ टाळत होता. शेवटी नेत्राने, त्याच्या मुलीनेच, त्याला कावासाकीतल्या घरून ओढत दुकानात आणलं.

नीलकंठ डोंगरातल्या हरणांचा अभ्यास करायचा. हरणं फार वाढली की जंगलातली कोवळी रोपं उरत नाहीत, म्हणून तो शिकारही करायचा. "ह्यांच्या घरी अंडंसुद्धा चोरून यायचं," असं सुनीता, त्याची बायको, सगळ्यांना हसत सांगायची. रायफलचा परवाना हवा तर इथे जपानमध्ये आधी दहा वर्षं छऱ्यांच्या काडतुसांची बंदूक वापरावी लागते. ती वर्षं भरली तेव्हा तीच म्हणाली, "इतका थांबलास, आता दुसऱ्याच्या खांद्याची कशाला? नवी कर, हातची, तुझ्या मापाची."

माप दिलं आणि त्याच वर्षी ती गेली.

"खरं सांगा," नीलकंठने विचारलं, "नवी घेण्यात अर्थ आहे का?"

मोरिता-सानने भिंतीकडे बोट केलं. "म्हातारे शिकारी परवाना सोडतात, त्यांच्या ह्या रायफली. गोळी तितकीच सरळ जाते. हरणाला काही फरक पडत नाही."

"मग नवी कशाला?"

"जुनीपुढे तुम्ही मान वाकवता. नव्या दस्त्यात लाकूड तुमच्यापुढे वाकतं. एवढंच."

त्याने माप घ्यायची, दस्ता लांब-आखूड करता येणारी लाकडी रायफल मागच्या मापावर लावून दिली. नीलकंठने ती खांद्याला टेकवली. गाल नीट बसेना.

"आखूड पडतेय. बारीक झालात?"

"झालो असेन."

"स्वेटर!" नेत्रा म्हणाली. तिने पिशवीतून राखाडी स्वेटर काढला. सुनीताने विणलेला. गेल्या वेळी माप देताना भर उकाड्यात तिने तो नीलकंठच्या अंगावर चढवला होता. डोंगरात काय उघडा बसणार आहेस, म्हणाली होती. नंतर तो कपाटातून निघालाच नव्हता.

नीलकंठने तो घातला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, तिचा नाही. रायफल पुन्हा खांद्याला लावली, आणि गाल आपसूक जागेवर बसला.

मोरिता-सानने पेन्सिल उचलली. "हेच माप ठेवायचं? लाकूड तुमच्यामागेही राहील. लोकर नाही राहणार."

नीलकंठ बाहीवरून हात फिरवत राहिला.

एरवी जपानीतच उत्तर देणारी नेत्रा मराठीत म्हणाली, "विरला तर मी विणेन, बाबा. आईने सुलट-उलट टाके शिकवलेत मला. बाही वाकडी होईल."

"किती वाकडी?"

"खूप."

"चालेल." तो मोरिता-सानकडे वळला. "हेच माप. कापा."

बाहेर कडक ऊन होतं. स्टेशनकडे जाताना नेत्रा म्हणाली, "काढ की आता तो."

"असू दे," नीलकंठ म्हणाला.